अंड्याला खिडकी

लाइट गेली की सुरतेच्या गोडादऱ्यात आधी कान मोकळे व्हायचे. दिवसरात्र खडखडणारे लूम एकदम गप्प होत आणि त्या शांततेत आमच्या चाळीतलं एक दार करकरायचं. घरमालकीण बेन बाहेर यायच्या. अंगावर पांढरी सुती साडी, पायात कापडी बूट आणि पदराच्या ओटीत सहा-सात अंडी. ओट्यावरच्या वेताच्या खुर्चीत बसून त्या अंडी पोटाशी धरायच्या, वरून शाल ओढून घ्यायच्या आणि लाइट येईपर्यंत जागच्या हलायच्या नाहीत. अगदी मे महिन्यातसुद्धा.

"बेन, आज किती पिल्लं काढणार?" गल्लीतली पोरं ओरडायची.

"मोजून सांगते. तुझ्यापेक्षा हुशार निघतील तेवढीच ठेवीन," बेन शालीतूनच सांगायच्या.

बेन कांदा-लसूणही न खाणाऱ्या घरातल्या. त्यामुळे गल्लीत कोणी म्हणायचं बाई चोरून अंडी खाते, कोणी म्हणायचं करणी करते. खरी गोष्ट साधी होती. मुलींच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं. अंड्यात जीव कसा घडतो याची चित्रं फळ्यावर काढली होती, पण खरं कधी पाहिलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी ठरवलं, आता पाहायचं. अंड्यांना ऊब द्यायला लाकडी खोक्यात बल्ब लावला, ओलं फडकं ठेवलं, भिंतीला उष्णतामापक टांगला. अंडी कडोदऱ्याच्या एका म्हातारीकडून आणायच्या, कारण तिच्या कोंबड्यांत कोंबडा होता. "दुकानाचं अंडं मुकं असतं," त्या म्हणायच्या.

आम्ही खोली पाहायला गेलो तेव्हा त्यांनी नाव, गाव, जात काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "खलबत्ता आहे?" आहे म्हटल्यावर म्हणाल्या, "तो मागच्या न्हाणीजवळ कुटायचा. भिंतीपाशी कुटलं तर माझी अंडी हादरतात. दार आपटायचं नहीं. बाकी काय पण करा." बडोद्याला शिकत असताना मराठी मुलींबरोबर राहिल्यामुळे त्यांचं मराठी चांगलं होतं, पण मधेच गुजराती डोकावायचं. भाडेकरूंना त्या मुलखावरून हाक मारायच्या. शेजारच्या खोलीतले 'बीड', कोपऱ्यातले 'अमरावती', आणि मी 'खानदेश'. "ए खानदेश, जरा इकडे ये." इतका मोठा मुलूख माझ्या एकटीच्या डोक्यावर.

मी तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची होते. सातवीत शाळा सुटली, मग लग्न, मग सुरत. नवरा साड्यांच्या कारखान्यात विणकर. मी घरी बसून धागा कटिंग करायची. विणलेल्या साडीच्या उलट्या बाजूला नक्षीचे सुटे दोरे लोंबत असतात, ते कात्रीने कापून काढायचे. शेठचा माणूस साड्यांचं पोटलं टाकून जायचा, दुसऱ्या दिवशी घेऊन जायचा. भेस्तानला जाऊबाईंकडे राहत होतो तेव्हापासूनचं माझं हे काम.

आणि माझं पहिलं बाळ त्याच वर्षी जन्मून गेलं होतं.

बेनना हे ठाऊक नव्हतं. एका सकाळी त्यांनी मला टॉर्च धरायला बोलावलं. टेबलावर वाटीत कापूस, त्यात अंडं आडवं ठेवलेलं. बेननी बाकदार टोकाची, बोटाएवढी कात्री घेतली आणि कवचाला नखाएवढी चौकोनी खिडकी पाडली. आतल्या पातळ पडद्याला ओरखडासुद्धा गेला नाही. हात दगडासारखा स्थिर. "जो, अडकीश नहीं," त्या म्हणाल्या. बघ, पण शिवू नकोस. हे त्यांचं कायमचं वाक्य. मग चिमटा उचलण्यासाठी त्यांनी कात्री माझ्यापुढे केली, "धर जरा."

मी हात मागे घेतला. "आज अमावस्या आहे, बेन. मी कात्री धरत नाही."

"का?"

सांगायचं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं सगळं. सहावा संपत आला होता तेव्हा दिवाळीच्या अमावस्येला ग्रहण लागलं. पोटुशीनं ग्रहणात काही कापू-चिरू नये, हे मला लहानपणापासून माहीत. पण पोटलं द्यायचं होतं, माणूस दाराशी येणार होता. मी दार लावून चार साड्यांचे दोरे कापले. माघात बाळ झालं, मुलगा. त्याची पाठ खाली कमरेपाशी उघडी होती, शिवण उसवल्यासारखी. नऊ दिवस जगला. जाऊबाई एवढंच म्हणाल्या होत्या, "हाई तुनामुयेच व्हयनं." हे तुझ्यामुळेच झालं. त्या रागाने नव्हत्या म्हणाल्या. त्याही रडतच होत्या. म्हणून तर मला ते खरं वाटलं.

बेननी टॉर्च माझ्या हातातून घेतला. अंड्याच्या खिडकीवर चिकटपट्टी लावली, अंडं खोक्यात ठेवलं आणि म्हणाल्या, "घरी जा." मला वाटलं, आता खोली खाली करायला सांगणार.

दुपारी मी कणीक मळत होते तर बेन दारात. हातात मागच्या वर्षीचं कॅलेंडर. खाली मांडी घालून बसल्या आणि विचारलं, "छेल्ली, शेवटची पाळी कधीची?" हे रात्रपाळी करून घरीच होते; यांच्यासमोर विचारलं तसे भिंतीकडे तोंड करून बसले. मी आठवून सांगितलं, धाकट्या बहिणीच्या हळदीच्या आधी. मे महिना. बेननी पेन्सिलीने गोल केला, दिवस मोजले आणि जूनच्या एका आठवड्यावर रेघ ओढली.

"उलटी कधी चालू झाली?"

"जुलैत. तेव्हाच कळलं."

मग त्यांनी माझ्या परातीतला गोळा घेतला, हातानेच लांबट थापला. "हे बाळ आहे. दोन-अडीच आठवड्यांचं. पानासारखं सपाट. याला अजून पाठ नहीं, मेंदू नहीं. मधल्या या पट्ट्यातल्या पेशींना आतून हुकूम येतो, तुम्ही मज्जातंतू व्हा. मग या कडा उचलतात." त्यांनी दोन्ही कडा उचलून एकत्र आणल्या. "तुझी करंजी, आमचा घुघरा. मधून चिमटायला सुरू करते ना तू? मग दोन्ही टोकांकडे जातेस. तसंच. मधून मिटतं, वर डोक्याकडे जातं, खाली कमरेकडे जातं. नळी होते. वरच्या टोकाचा मेंदू, खालचा पाठीचा कणा. पहिली पाळी चुकते न चुकते, दोन आठवड्यांत सगळं मिटून तयार. आईला पत्तासुद्धा नसतो."

खालचं टोक त्यांनी चिमटलंच नव्हतं. ते मी बघत होते.

"तुझ्या बाळाचं हे टोक मिटायचं राहिलं. इथे." त्यांनी जूनच्या रेघेवर बोट ठेवलं. मग एकेक पान उलटलं, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, आणि दिवाळीच्या पानावर हात आपटला. "आणि ग्रहण इथे. चार महिन्यांनंतर. जी करंजी जूनमध्ये उघडी राहिली, ती तू दिवाळीत कात्रीने कशी उघडशील?"

हे भिंतीकडे तोंड करूनच होते, पण त्यांचे खांदे हलत होते.

मी म्हटलं, "मग जूनमध्ये मी काय चुकीचं केलं?"

दुसऱ्या कोणी काहीतरी गोड सांगितलं असतं. बेन म्हणाल्या, "मला माहीत नहीं. कोणालाच पूर्ण माहीत नहीं. कधी हुकमातच कुठे खोट असते, ती आई-बापाकडून येते, कोणी हाताने घातलेली नसते. कधी अंगात पालेभाजीतलं एक सत्त्व कमी पडतं. कधी कायच सापडत नहीं. पण कात्रीने झालं नहीं. एवढं मला माहीत आहे, आणि ते मी कोर्टात पण सांगीन."

त्या गेल्यावर मी ती कणकेची नळी उचलली. उघडं टोक चिमटून मिटलं. तिची पोळी मात्र मला लाटवली नाही.

बेनच्या एक जुन्या विद्यार्थिनी प्रसूतीच्या दवाखान्यात डॉक्टर होत्या. बेननी आम्हा दोघांना त्यांच्याकडे नेलं. त्यांनी फॉलिक ॲसिडच्या गोळ्या लिहून दिल्या आणि बजावलं, दिवस राहायच्या आधी निदान तीन महिने रोज घ्यायच्या, एकदा असं झालेल्या बाईला तर नक्कीच. आता घरी जाऊबाईंचं येणं-जाणं. दिवस नाहीत तर गोळ्या कसल्या, असं त्या विचारणार, म्हणून मी पाकिटं दोरे कापून झालेल्या साड्यांच्या घडीत लपवली. आणि माझीच धांदल! सकाळी शेठच्या माणसाने पोटलं उचललं, महिन्याभराच्या गोळ्यांसकट गेलं.

दोन आठवडे मी बेनसमोर गेले नाही. पाण्याला जायचं तर त्यांचं दार बंद बघून. शेवटी त्यांनीच पकडलं. "रिकामी पाकिटं दाखव." त्या पाकिटं तपासतात हे मला ठाऊक नव्हतं. मी खरं ते सांगितलं.

"म्हणजे आता कुठल्यातरी शेठाणीच्या साडीतून गोळ्या पडतील," बेन म्हणाल्या. मग हसू आवरून एकदम चिडल्या. "भीतीमुळे केलंस ना हे? जाऊबाईची भीती, माझी भीती. भीतीने पण टोक उघडं राहतं, खानदेश! आता गोळ्या माझ्या खोक्यापाशी राहतील. रोज सकाळी माझ्यासमोर घ्यायची. पहिल्यापासून मोजायचं."

त्या रागाचे उपकार मी अजून विसरले नाही. रोज सकाळी मी गोळीसाठी जायची आणि गोळीबरोबर एक धडा मिळायचा. वर्षात त्या मोजकीच अंडी उघडत. पाहून झालं की मागच्या कढीपत्त्याखाली पुरायच्या, हात जोडायच्या, अंघोळ करायच्या आणि त्या दिवशी जेवायच्या नाहीत. उबवून दोन दिवस झालेल्या अंड्यात त्यांनी मला भिंगाखाली ती मिटत आलेली शिवण दाखवली, केसाएवढी बारीक. तीन दिवसांच्या अंड्यात लाल ठिपका धडधडताना दाखवला.

मी एकदा विचारलं, हुकूम येतो म्हणता, तो देतं कोण? तेव्हा त्यांनी जनुकांचं सांगितलं. प्रत्येक पेशीत पूर्ण माणसाचा मजकूर असतो, पण प्रत्येक पेशी आपल्यापुरतंच वाचते. मी म्हटलं, "म्हणजे यांच्या मशीनवरचे पत्ते." कारखान्यात नक्षीसाठी भोकं पाडलेले पुठ्ठ्याचे पत्ते असतात. भोक असेल तिथला धागा उचलतो, नसेल तिथला खाली राहतो. फूल, पान, मोर सगळं त्या पत्त्यांत.

बेन खुर्चीतून उठल्याच. "मला बघायचे."

दुसऱ्या दिवशी कानात कापूस घालून त्या कारखान्यात तासभर उभ्या. सरकारी बाई आली समजून मास्टरने दोन वेळा चहा पाठवला. यांनी घरी येऊन सांगितलं, "तुझ्या बेनला सांग, माझ्या मशीनला अंडं समजू नका. हात लावायला बघत होत्या."

संध्याकाळी बेननी निकाल दिला. "तुझं अर्धं बरोबर, अर्धं खोटं. तिकडे साखळी पत्ते फिरवते. इकडे फिरवणारा कोणी नहीं. एक पत्ता वाचला की त्यातून अशी वस्तू होते, जी पुढचा पत्ता उघडते. आणि शेजारची पेशी काय सांगते ते पण पेशी ऐकते." मग म्हणाल्या, "आणि एक. तुमचा धागा जिथे लावला तिथेच राहतो. मज्जापेशी जन्मते एका ठिकाणी, कामाला चालत जाते दुसरीकडे. तिथे पोचली की हात लांब करते, टोकाने चाचपत चाचपत. कोणी ये म्हणतं तिकडे जाते, कोणी जा म्हणतं तिथून वळते. आपल्या जागी पोचेपर्यंत."

स्टेशनवरून हातात चिठ्ठी घेऊन भेस्तानची गल्ली विचारत फिरलेला पहिला दिवस मला आठवला होता.

गोळ्या घेऊन बरेच महिने झाले तरी मी घाबरतच होते. आज नको, उद्या नको, असं करत वर्ष गेलं, दुसरं गेलं. बेननी कधी घाई केली नाही. "उतावळ नहीं," एवढंच. दिवस राहिले तेव्हा त्यांना सांगायला गेले तर त्यांनी कॅलेंडर काढलं, गोल केला, रेघ ओढली आणि बारीक अक्षरात तारखेखाली लिहिलं, 'मिटलं असेल.' पुढे प्रश्नचिन्ह.

पाचव्या महिन्यात पुन्हा ग्रहण आलं.

पावसाळ्यातली संध्याकाळ. जाऊबाई दुपारीच भेस्तानहून आल्या होत्या. त्यांनी पाण्यात तुळशीपत्र टाकलं, खिडकीला घोंगडी लावली आणि मला सांगितलं, "सरळ झोप. हात-पाय मुडपू नको. ग्रहण सुटेपर्यंत उठायचं नाही." करंजीपासून पत्त्यांपर्यंत सगळं मला तोंडपाठ होतं. तरी मी झोपले. सरळ, काठीसारखी. दोन्ही हात पोटावर. माहीत असणं एक, आणि नऊ दिवसांच्या बाळाला मांडीवर घेतलेलं असणं एक.

गल्लीत सगळी दारं बंद. ओट्यावरून हाक आली, "ए खानदेश! बहार आव."

जाऊबाईंनी मला ओठांवर बोट ठेवून दाखवलं.

"झोपलीस? बरं."

शेठच्या माणसाने दुपारी टाकलेलं पोटलं बाहेर ओट्यावरच राहिलं होतं. घोंगडीच्या फटीतून मला दिसलं, बेननी ते पोटलं पुढ्यात ओढलं, वरची साडी काढली, मांडीवर पसरली आणि आपली ती बाकदार कात्री घेतली. साडी सुलटी धरली होती. सुलट्या बाजूला कापायचं काही नसतं. तिथे असते ती नक्षी.

कच्च.

मी उठून बसले. "जाऊबाई, बेन साडी कापताहेत!"

"कापू दे! तू झोप!"

कच्च.

"बेन, ती सुलटी बाजू आहे!" मी आतून ओरडले.

"हो का?" बेन म्हणाल्या आणि कात्री पुन्हा उघडली.

मी कडी काढली. जाऊबाईंनी दंड धरला होता, तो कसा सुटला ते आठवत नाही. ओट्यावर बसले, साडी ओढून घेतली, त्यांच्या हातातली कात्री काढून घेतली. "असं नाही, बेन! आधी उलटी करायची. खाली डावं बोट ठेवायचं, म्हणजे कापड वर येत नाही. दोरा ओढायचा नाही, नुसता उचलायचा. असा. असा." मी कापत गेले. ती साडी झाली, दुसरी घेतली, दुसरीही संपत आली. मग मला जाणवलं की उजेड वेगळाच आहे. राखाडी. कावळे कढीपत्त्यावर येऊन बसले होते आणि कुठेच आवाज नव्हता. जाऊबाई उंबऱ्यात उभ्या होत्या, तोंडावर पदर धरून.

माझा हात थांबला.

बेन आभाळाकडे बघत होत्या. "कायच दिसत नहीं," त्या वैतागून म्हणाल्या. "नुसते ढग." मग माझ्याकडे न बघता, "थांबू नको. अजून दोन बाकी आहेत."

त्या दोन्ही मी पूर्ण केल्या.

थंडीत मुलगी झाली. बेन कापडी बूट घालून दवाखान्यात आल्या, तीनदा हात धुतले, बाळाला तळहातावर पालथं घेतलं. मानेपासून खाली अंगठा फिरवत गेल्या, सावकाश, एकेक मणका. कमरेपर्यंत गेल्या, पुन्हा वर आल्या, पुन्हा खाली गेल्या.

"बंद आहे," त्या म्हणाल्या.

बाळ जाऊबाईंच्या हातात दिलं आणि बाजूच्या स्टुलावर बसल्या. रिकामीच शाल पोटाशी ओढून घेतली, लाइट गेल्यावर बसायच्या तशा, आणि कितीतरी वेळ हलल्या नाहीत.

बेन आता नाहीत. ती साडी मात्र माझ्याकडे आहे. त्या ग्रहणाच्या दुसऱ्या दिवशी शेठच्या माणसाने ती माझ्या अंगावर भिरकावली आणि दोन महिने पोटलं दिलं नाही. तेव्हा मला बेनचा रागच आला होता. वाटलं, म्हातारीला उलटी-सुलटी बाजूसुद्धा कळेनाशी झाली. मुलीला त्याच साडीच्या झोळीत झोपवलं. ती मोठी झाल्यावर एकदा साडी धुऊन वाळत घातली होती, पलीकडून ऊन येत होतं, तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिलं. काप दोनच आहेत. दोन्ही आत खोचायच्या टोकाला, कोपऱ्यात, निऱ्या खोचल्यावर कोणाला दिसणार नाहीत अशा एका लहान फुलात, एकाच पाकळीवर. पाकळीचे वरचे रेशमी धागे तेवढे कापले आहेत, काठाला काठ धरून, नखाएवढ्या चौकोनात. खालच्या कापडाला ओरखडासुद्धा नाही.